सोंग, ढोंग आणि शब्दकोश

घरांत चार पाहुणे जमले आहेत, जेवणें आटोपलीं आहेत आणि रात्र अजून बरीच शिल्लक आहे, अशा वेळीं करमणुकीचा प्रश्न उभा राहतो. पत्ते सर्वांना येत नाहींत. गाण्याच्या भेंड्यांत ज्याचा गळा बरा तोच पुढें होतो. सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारण्याचा खेळ काढावा, तर ज्या एकाला पुष्कळ माहिती असते त्याचें कौतुक होतें आणि बाकीचे लोक हळूहळू जांभया देऊं लागतात. या प्रश्नोत्तरांच्या खेळाचा एक धाकटा भाऊ मात्र असा आहे कीं, त्यांत सर्वांत कमी माहिती असलेल्या मुलालाहि सर्वांत विद्वान् पाहुण्यावर मात करतां येते. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतील पुष्कळ घरांतून तो खेळला जातो. एक जाडजूड शब्दकोश, कागदाचे कपटे आणि पेन्सिली एवढेंच त्याचें साहित्य. आणि त्याचा विषय आहे लोणकढी थाप.

खेळाची रीत अगदीं सोपी आहे. चारपासून आठपर्यंत माणसें वर्तुळ करून बसतात. पहिल्या फेरीचा प्रमुख शब्दकोश उघडतो आणि जमलेल्यांपैकीं कोणालाहि ठाऊक नसेल असा एक शब्द निवडतो. तो त्यानें मोठ्यानें उच्चारून दाखवावयाचा, जरूर तर अक्षरें फोडून सांगावयाचीं; अर्थ मात्र सांगावयाचा नाहीं. कोणाला तो शब्द ठाऊक असल्यास त्यानें तसें प्रामाणिकपणें सांगावें, म्हणजे दुसरा शब्द घेतां येतो. मग प्रत्येक जण त्या शब्दाचा खरा वाटेल असा खोटा अर्थ कपट्यावर लिहून प्रमुखाकडे देतो. प्रमुख कोशांतील खरा अर्थ तशाच कपट्यावर उतरून घेतो, सर्व कपटे पिसतो आणि एकाच सुरांत एकामागून एक वाचून दाखवतो. त्यांपैकीं कोणता अर्थ खरा वाटतो तें प्रत्येकानें सांगावयाचें. खरा अर्थ ओळखणाऱ्यास गुण मिळतो. ज्याची थाप दुसऱ्यांनीं खरी मानली, त्यालाहि फसलेल्या प्रत्येक माणसामागें एकेक गुण मिळतो. कोणालाच खरा अर्थ ओळखतां आला नाहीं, तर लाभ प्रमुखाचा. शेवटीं प्रमुख कोशांतील खरा अर्थ सर्वांसमक्ष वाचतो आणि कोश शेजारच्या माणसाच्या हातीं जातो.

हा खेळ इंग्रजीतूनच खेळला पाहिजे असें नाहीं. मराठीला कोशांची वाण नाहीं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रथम छापला गेला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळांत प्रसिद्ध झाले. या ग्रंथांचें कोणतेंहि पान उघडलें, तरी शहरांत वाढलेल्या माणसानें कधींहि न ऐकलेले पांचदहा शब्द हटकून सांपडतात.

उदाहरणार्थ, प्रमुखानें ‘चाडें’ हा शब्द निवडला, असें समजूं. थोड्या वेळानें त्याच्या हातांत चार कपटे जमतात. पहिल्यावर लिहिलेलें असतें, ‘लग्नांत वरपक्षाकडून गुरवाला दिला जाणारा मान.’ दुसऱ्यावर, ‘पेरणीच्या पाभरीवर बसवलेलें, बीं सोडण्याचें लाकडी भांडें.’ तिसऱ्यावर, ‘चहाडी करणाऱ्यास गांवानें केलेला दंड.’ चौथ्यावर, ‘विहिरीच्या कडेला उगवणारें एक झुडूप, याचीं पानें कडू असतात.’ आतां विचार सुरू होतो. चहाडी आणि चाडें हे शब्द कानाला जवळचे लागतात, म्हणून एक जण तिसऱ्या अर्थाकडे वळतो. लग्नांतील मानपान असंख्य असल्यामुळें आणखी एक मान असण्यास कोणाची हरकत नसते, म्हणून दुसरा पहिला अर्थ धरतो. चौथ्या अर्थानें मोहित झालेला मनुष्य सांगतो कीं, पानें कडू असल्याचा बारकावा कोणी उगीच कशाला लिहील? आणि पाभरीवरचें भांडें सर्वांनाच ओढूनताणून आणलेलें वाटतें. नंतर कोश वाचला जातो, आणि तें ओढूनताणून आणलेलें भांडेंच खरें ठरतें.

अशी फजिती झाली कीं एकच हंशा पिकतो. तो ओसरल्यावर घरांतील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला आठवतें कीं, ‘चाड्यावर मूठ ठेवणें’ म्हणजे पेरणीला आरंभ करणें, असा वाक्प्रचार लहानपणीं आजोळीं कानावर पडत असे. मग पाभर कशी असते, तिला नळ्या किती, चाड्यांत मुठीनें बीं किती बेतानें सोडावें लागतें, हें बोलणें आपोआप निघतें. ज्या मुलानें शेतावर कधीं पाऊल ठेवलेलें नाहीं, त्याला हा शब्द आतां सहसा विसरावयाचा नाहीं. नांगराची मूठ म्हणजे रुमणें, जुवाची खुंटी म्हणजे शिवळ, तांदूळ धुण्याची बांबूची टोपली म्हणजे रोवळी, लांब दांड्याचें वाढण्याचें पात्र म्हणजे ओगराळें. हे आजीच्या तोंडचे शब्द नातवंडांच्या कानावर जाण्यास याहून सोपा मार्ग क्वचितच असेल.

इंग्लंड-अमेरिकेंत हा खेळ प्रथम दिवाणखान्यांत रुजला आणि मग तेथून बाहेर पडला. १९६५ सालीं अमेरिकेंतील एका दूरचित्रवाणी कंपनीनें ‘कॉल माय ब्लफ’ या नांवानें त्याचा कार्यक्रम केला. तो सुमारें सहा महिनेच टिकला. त्याच वर्षीं बी. बी. सी.नें तो इंग्लंडांत सुरू केला, आणि तेथें मात्र तो १९८८ पर्यंत चालला. पुढें १९९६ ते २००५ या काळांत तो पुन्हां दाखवला गेला. तिघातिघांचे दोन पक्ष समोरासमोर बसत. एका पक्षांतील तिघे एकाच अपरिचित शब्दाचे तीन निरनिराळे अर्थ गंभीरपणें सांगत. त्यांतला एक खरा व दोन बनावट. दुसऱ्या पक्षानें खरा कोणता तें ओळखावयाचें. १९८४ सालीं कॅनडांतील लॉरा रॉबिन्सन आणि पॉल टॉइन या दोघांनीं त्याच धाटणीचा ‘बॉल्डरडॅश’ नांवाचा पेटींतला खेळ बाजारांत आणला. त्या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळीं ‘निरर्थक बडबड’ असा आहे. त्यांत शब्द व त्यांचे अर्थ कार्डांवर छापलेले असल्यामुळें कोशाची जरुरी राहिली नाहीं. त्याच्या पुढील आवृत्त्यांत शब्दांबरोबर अप्रसिद्ध व्यक्ति, आद्याक्षरें, विस्मृत चित्रपट व तारखा यांचीहि भर पडली. म्हणजे शब्दांचा खेळ आतां किरकोळ माहितीचाहि झाला. अमेरिकेंतील सार्वजनिक नभोवाणीवर १९९८ सालीं सुरू झालेल्या एका विनोदी कार्यक्रमांत दूरध्वनीवरील श्रोत्याला तीन चमत्कारिक बातम्या सांगून त्यांतील खरी कोणती, असें विचारण्याची प्रथा आहे. २०१४ सालीं निघालेल्या ‘फिबेज’ या खेळांत तर प्रश्न दूरचित्रवाणीच्या पडद्यावर उमटतो आणि प्रत्येक जण आपली थाप हातांतील मोबाईलवर लिहितो. साधनें बदललीं, गाभा तोच राहिला.

या खेळावर सुशिक्षित घरांतूनहि एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हंसून सोडून देण्यासारखा नाहीं. मुलांना खरें बोलावयास शिकवणें हें आईबापांचें व शिक्षकांचें पहिलें काम. तेंच आईबाप रात्रीं बैठकींत बसून मुलाला सफाईदार थाप मारल्याबद्दल गुण देऊं लागले, तर दिवसाच्या शिकवणुकीचा काय उपयोग? ज्या मुलानें काल गृहपाठाची वही हरवल्याची थाप मारून शिक्षा चुकवली, त्याच्या हातांत आज हें नवें शस्त्र कां द्यावें?

या आक्षेपाचें उत्तर मराठी भाषेनेंच तयार करून ठेवलें आहे. आपल्या भाषेंत सोंग आणि ढोंग असे दोन शब्द आहेत. यमक जुळलें तरी ते एका जातीचे नव्हत. महाराष्ट्रांत गांवोगांव फिरणारा बहुरूपी पोलिसाचा वेष घेऊन दारांत उभा राहतो, घरधन्याला पकडण्याच्या गोष्टी बोलतो, क्षणभर सर्वांची गाळण उडवतो आणि मग हंसून बिदागी मागतो. तें सोंग. आपली लबाडी उघडी व्हावी हीच त्याची इच्छा असते. ती उघडी झाली नाहीं तर त्याला बिदागी मिळावयाची नाहीं. ढोंगी मनुष्याचें याच्या अगदीं उलट असतें. आपला मुखवटा गळूं नये म्हणून तो जन्मभर जपतो. सोंगाला ठराविक वेळ असते व पाहणाऱ्याची संमति असते. ढोंगाला या दोन्हींचें वावडें असतें. कपट्यावर खोटा अर्थ लिहिणारें मूल हा बहुरूप्याचा धंदा करीत असतें. आपण थाप मारणार हें त्यानें सर्वांना आधींच सांगितलेलें असतें, आणि पांच मिनिटांत आपली थाप उघडी पडणार हेंहि त्याला ठाऊक असतें. गृहपाठाची वही हरवल्याचें सांगणाऱ्या मुलाच्या मनांत असें उघडें पडण्याची कल्पनाहि नसते. हा भेद मुलांना समजतो; त्यांना तो एकदां स्पष्ट शब्दांत सांगावा मात्र लागतो.

थाप उघडी न केल्यास काय होतें, याचें एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेंत घडलें. फ्रेड वर्थ नांवाच्या गृहस्थानें किरकोळ माहितीचा एक कोश १९७४ सालीं प्रसिद्ध केला. आपल्या पुस्तकांतून कोणी माहिती उचलली तर ती चोरी पकडतां यावी, म्हणून त्यानें त्यांत एक खोटी गोष्ट मुद्दाम पेरली होती : दूरचित्रवाणीवरील कोलंबो या गुप्त पोलिसाचें पहिलें नांव फिलिप असल्याचें त्यानें लिहिलें. कालांतरानें ‘ट्रिव्हियल परसूट’ या जगप्रसिद्ध प्रश्नोत्तरांच्या खेळांत हेंच नांव खरें उत्तर म्हणून छापलें गेलें. वर्थनें १९८४ सालीं त्या खेळाच्या चालकांवर तीस कोटि डॉलरांचा दावा लावला. त्यांनीं माहिती त्याच्या पुस्तकांतून घेतल्याचें नाकारलें नाहीं. पण केवळ माहितीवर कोणाची मालकी नसते, असें ठरून वर्थ हरला. कायद्याची बाजू बाजूला ठेवली, तरी एक गोष्ट उरते. वर्थची ती थाप उघडी करणारें पान त्याच्या पुस्तकांत नव्हतें, म्हणून ती वर्षानुवर्षें घरोघर खरी म्हणून फिरली. ज्यांनीं ती दुसऱ्यांना सांगितली, त्यांतला कोणीहि खोटें बोलत नव्हता.

यावरून खेळांतील सर्वांत महत्त्वाचा क्षण कोणता हें ध्यानांत येईल. थाप सुचणें ही गंमत खरी, परंतु खेळाला न्याय्य ठरवणारी क्रिया म्हणजे शेवटीं कोश उघडणें. हौसेच्या भरांत पुढच्या शब्दाची घाई होते आणि खरा अर्थ पुटपुटून टाकला जातो. असें होऊं देऊं नये. हेन्री रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श या मानसशास्त्रज्ञांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, बहुपर्यायी प्रश्न सोडवतांना निवडलेला चुकीचा पर्याय पुढें विद्यार्थ्याच्या मनांत खरा म्हणून घर करून बसण्याचा संभव असतो. बरोबर उत्तर लगेच समजलें, तर हा धोका पुष्कळ कमी होतो, असें याच विषयावरील पुढील संशोधनांतून आढळलें आहे. ज्यांनीं वर्गावर अनेक वर्षें काढलीं आहेत अशा शिक्षकांस हें नवल वाटणार नाहीं. फळ्यावर चुकीचें उदाहरण लिहून पुसावयाचें राहिलें, तर दुसऱ्या दिवशीं निम्म्या वह्यांत तेंच उतरलेलें असतें.

आतां या खेळापासून लाभ कोणता, तें पाहूं. पहिली गोष्ट अशी कीं, मनुष्याच्या चेहऱ्यावरून खरेंखोटें ओळखण्याची जी घमेंड पुष्कळांना असते, ती येथें उतरते. ‘माझ्या डोळ्यांत बघून सांग’ असें आई मुलाला म्हणते. पण डोळ्यांत पाहून फारसें कांहीं कळत नाहीं. चार्ल्स बाँड व बेला डीपॉलो यांनीं या विषयावरील अनेक प्रयोगांचे निष्कर्ष २००६ सालीं एकत्र केले, तेव्हां साधनांच्या मदतीशिवाय खरेंखोटें ओळखणाऱ्या माणसांचे निर्णय शंभरांत सुमारें चौपन्न वेळांच बरोबर निघाल्याचें दिसलें. नाणें उडवून ठरवलें असतें तरी पन्नास वेळां बरोबर आलेंच असतें! इंग्लंडांतील त्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत पॅट्रिक कॅम्बेल नांवाचे आयरिश विनोदी लेखक एका पक्षाचे नायक असत. दुसऱ्या पक्षाचे नायक होते फ्रँक म्यूर. कॅम्बेल बोलतांना फार अडखळत. अडखळणारा मनुष्य खोटें बोलत असावा, ही सर्वसामान्य समजूत. पण ते खऱ्या अर्थावर जितके अडखळत तितकेच बनावट अर्थावर. त्यांच्या अडखळण्यावरून निदान करणाऱ्याची फसगत ठरलेली, आणि प्रेक्षकांचें त्यांच्यावर विलक्षण प्रेम होतें. सफाईनें बोलणारा खरा आणि चांचरणारा खोटा, असा हिशेब करणाऱ्या प्रत्येकानें ही गोष्ट लक्षांत ठेवावी. वर्गांत बरोबर उत्तर येत असूनहि भीतीनें चांचरणारीं मुलें थोडीं नसतात.

दुसरी गोष्ट ओळखीची. कानाला ओळखीचें वाटलें कीं तें मनाला खरें वाटूं लागतें. चाड्याचा संबंध चहाडीशीं जोडणारा माणूस याच वाटेनें गेला. लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन व थॉमस टॉपिनो यांनीं १९७७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना दोनदोन आठवड्यांच्या अंतरानें तीन वेळां कांहीं विधानें ऐकवलीं. जीं विधानें पुन्हां पुन्हां ऐकूं आलीं, तीं खरीं असोत वा खोटीं, त्यांवरील विद्यार्थ्यांचा विश्वास दर खेपेस वाढत गेला. पुनरुक्तीनें विधानाच्या खरेपणांत तिळमात्र भर पडत नाहीं. भर पडते ती केवळ ओळखींत. बैठकींत दोनचार वेळां फसल्यावर मूल स्वतःच म्हणूं लागतें, ‘हें फारच ओळखीचें वाटतें, तेव्हां जपून!’ कोणत्याहि पाठ्यपुस्तकाला हा धडा इतक्या थोडक्यांत देतां येणार नाहीं.

तिसरी गोष्ट शब्दाच्या कुळाची. अनुभवी खेळाडू वाचणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत नाहीं. शब्द कोठून आला असेल, याचा तो विचार करतो. शब्द संस्कृतांतून आला, फारसींतून आला, कीं शेतकऱ्याच्या अवजारांतून आला? त्याचे भाऊबंद कोण? या विचाराचें सामर्थ्य किती आहे, तें खुद्द कोशकारांच्याच एका फजितीवरून कळतें. १९३४ सालीं निघालेल्या वेब्स्टरच्या मोठ्या इंग्रजी कोशांत ‘डॉर्ड’ असा एक शब्द ‘घनता’ या अर्थानें छापला गेला. असा शब्द इंग्रजींत नव्हताच. रसायनशास्त्राच्या संपादकानें १९३१ सालीं एक चिठ्ठी पाठवली होती. घनता दाखवण्यासाठीं ‘डी’ हें अक्षर मोठें किंवा लहान कसेंहि लिहावें, एवढाच तिचा आशय. इंग्रजींत ‘किंवा’ या अर्थाचा शब्द ‘ऑर’. तो त्या दोन ‘डी’च्या मध्यें अडकला, कोणीतरी सर्व अक्षरें एकत्र वाचलीं आणि एक नवा शब्द जन्मास आला! १९३९ सालीं एका संपादकाचें लक्ष त्याकडे गेलें, तें त्या शब्दापुढें व्युत्पत्ति दिलेली नव्हती म्हणून. शब्द आहे पण त्याला आईबाप नाहींत, हें पाहून चौकशी झाली आणि डॉर्डची हकालपट्टी ठरली. म्हणजे कोशावरहि आंधळा विश्वास ठेवून चालत नाहीं. परंतु कोशाची चूक कोशाच्याच शिस्तीनें सांपडली, हेंहि तितकेंच खरें. चूक मुळींच होत नाहीं असा ग्रंथ जगांत नाहीं. चूक सांपडण्याची सोय ज्यांत आहे तो ग्रंथ विश्वासाचा.

चौथा लाभ कदाचित् सर्वांत मोठा आहे. आपल्या शाळांत आणि घरांत ‘मला ठाऊक नाहीं’ हें वाक्य फार महाग झालें आहे. वर्गांत तें उच्चारलें तर शेजारचा हंसतो. घरांत वडिलांनीं तें उच्चारलें तर वडीलपणाला बाध येईल अशी त्यांना भीति वाटते. त्यामुळें मुलें उत्तर ठोकून देतात आणि मोठीं माणसें विषय बदलतात. या खेळांत अज्ञान हेंच प्रवेशाचें तिकीट आहे. शब्द कोणालाच ठाऊक नाहीं, येथूनच सुरुवात होते, म्हणून दहा वर्षांची मुलगी आणि पदवीधर काका एका पायरीवर बसतात. मुलीच्या कपट्याला काका फसले, तर मुलगी उड्या मारते. काका फसले तरी काकाच राहतात, घरांतील त्यांचें स्थान रेसभरहि ढळत नाहीं, हें मुलगी पाहते आणि काकाहि पाहतात. ज्या घरांत वडील माणूस चुकूं शकतो आणि चुकल्यावर हंसूं शकतो, त्या घरांतील मुलाला स्वतःची चूक लपवण्याची गरज तेवढी कमी भासते. गृहपाठाच्या वहीचा प्रश्नहि या बाजूनें सुटण्याचा संभव अधिक.

खेळ नीट रंगावा म्हणून कांहीं पथ्यें पाळावीं लागतात. कपटे एकाच आकाराचे असावेत. अक्षरावरून लेखक ओळखूं येत असेल, तर प्रमुखानें सर्व अर्थ एका कागदावर आपल्या हातानें उतरून घ्यावेत आणि मोठ्यानें वाचण्यापूर्वीं एकदां मनांत वाचावेत. नाहींतर वाचतांना तो नेमका पोराच्या अक्षराशीं अडतो आणि गुपित फुटतें. प्रमुखाला हंसूं आवरलें पाहिजे. थाप लिहिणाऱ्यानें कोशाची भाषा उचलावी : थोडके शब्द, नामापासून आरंभ, उगीच विनोद नाहीं. फार गमतीदार अर्थाला टाळ्या पडतात, गुण मात्र मिळत नाहींत. एखादाच बारकावा घालावा. तीन बारकावे घातले कीं संशय येतो. फार लहान मुलाला लिहितां येत नसेल, तर त्याची आजीबरोबर जोडी करावी. आजीला जुने शब्द येतात आणि नातवाला थापा, त्यामुळें अशी जोडी हरवणें कठीण जातें.

कांहीं गोष्टी वर्ज्य समजाव्यात. बैठकींतील कोणाच्या रूपावर, माहेरावर, जातीवर किंवा धंद्यावर बेतलेली थाप लिहूं नये. तिच्यांत थाप कमी आणि टोमणा अधिक असतो. शब्दांऐवजीं माहितीच्या प्रश्नांवर खेळावयाचें झाल्यास औषधें, विष, वीज, आजार हे विषय घेऊं नयेत. खोटा अर्थ विसरला तर बिघडत नाहीं, परंतु खोटें औषध लक्षांत राहिलें तर भलताच प्रसंग ओढवेल. हारजितीवर पैसे लावूं नयेत. आणि खेळ संपल्यावर त्या रात्रींचे सर्व शब्द व त्यांचे खरे अर्थ एकदां पुन्हां वाचून दाखवावेत. या कामाला दोन मिनिटें लागतात, आणि तें घरांतील सर्वांत धाकट्या मुलाकडे सोंपवलें तर तें मोठ्या ऐटीनें करतें.

खेळानें मनुष्य शहाणा होऊन पुन्हां कधींच फसत नाहीं, असा दावा करणें म्हणजे आणखी एक थाप मारणें होईल. बाहेरच्या जगांत मात्र थापांना कपट्यांचें बंधन राहिलेलें नाहीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मोबाईलवर ओळखीच्याच माणसाकडून एखादी बातमी येते. ती चारचौघांकडून पुन्हां येते, आणि तेवढ्यानेंच खरी वाटूं लागते. बँकेचा अधिकारी असल्याचें सांगणारा आवाज सफाईदार भाषेंत, घाईघाईनें, अगदीं बारीकसारीक तपशिलासह गुप्त आंकडा मागतो. हा पोलिसाच्या वेषांतला बहुरूपी नव्हे. त्याला बिदागी नको असते, आयुष्याची शिल्लक हवी असते, आणि तो आपली लबाडी कधींच उघडी करीत नाहीं. त्याचीं शस्त्रें पाहिलीं तर तींच आहेत : ओळखीचा भास, ठाम सूर आणि एखादा नेमका बारकावा. अशा वेळीं घरांतील वृद्ध माणूस एकटा बसलेला असतो, आणि त्याच्या जन्माची पुंजी एका होकारावर अवलंबून असते.

बैठकींतल्या हंशाखिदळींत ज्याची या तीन शस्त्रांशीं ओळख झालेली आहे, त्याच्या तोंडीं त्या क्षणीं एक साधा मराठी प्रश्न येण्याची आशा धरावयास हरकत नाहीं. ‘कशावरून?’ हा तो प्रश्न. तो विचारल्यानें कोणाचा अपमान होत नाहीं. खरें बोलणाऱ्याला त्याचें उत्तर देतां येतें, आणि दूरध्वनी खालीं ठेवून बँकेंत जाऊन खात्री करून घेण्यास वेळहि मिळतो. घरांत तो प्रश्न थट्टेंत विचारण्याची संवय असेल, तर गरजेच्या वेळीं तो विचारण्याची लाज वाटत नाहीं. त्या संवयीसाठीं एक रविवारची रात्र, कांहीं कोरे कपटे आणि कपाटांत धूळ खात पडलेला शब्दकोश एवढें भांडवल पुरेसें आहे.